गप्प बसणं न येणारी मावशी

मेहकरात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आम्ही तिघांनी संस्था काढली, तेव्हा गरजू लोकांना काम मिळवून द्यायचं एवढंच ठरलं होतं. कसं, ते तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

पहिली आली ती जानेफळची एक मावशी. चाळिशीची, नवऱ्यानं टाकलेली, शाळेत कधी न गेलेली.

"काय काय येतं?" अर्ज भरताना मी विचारलं.

"सगळं येते. गप बसनं येत नाही."

ते मी अर्जात लिहिलं नाही. चूक तिथंच झाली.

साडीच्या दुकानात चौथ्याच दिवशी ती गिऱ्हाइकाला म्हणाली, "बाई, हा रंग तुमाले शोभत नाही. आन् पयल्या धुन्यात जाते." तिथून सुटली ती खानावळीत. तिथं तिनं जेवणाऱ्यांना मायेनं सुचवलं, "भाजी कालची हाय, वरन खा." मालकाचा फोन आला तेव्हा गिरणीच्या आवाजात ऐकू येत नाही, असं सांगून मी ठेवून दिला.

"मावशी, जरा सांभाळून बोला ना."

"काऊन? खोटं बोल्ली का मी?"



गावाबाहेरच्या डाळमिलचे शेठ आम्हाला नेहमी चहा पाजायचे आणि "पाहू" म्हणून वाटेला लावायचे. एकदा वैतागून, आणि खरं सांगायचं तर थोडी गंमत बघायला, मी मावशीला सोबत नेलं. शेठ "पाहू" म्हणाले तशी तिनं कप खाली ठेवला.

"शेठ, चहा बेस हाय. पन बाया पाह्यजेत का नाही, थे सांगा. ह्या भाऊची चप्पल झिजून राह्यली."

माझी मान खाली. शेठ आधी लाल झाले, मग ठसका लागेस्तोवर हसले. डाळ निवडायला चार बाया घेतो म्हणाले, पाचवी मावशी.

"मी नाही येत. तुमच्या डाळीत खडे लय. कोनी इचारलं तं सांगन मी."

परतताना स्कूटरवर मी म्हणालो, "मावशी, आमच्याकडंच या कामाला."

"बोलू देसान का?"

"त्यासाठीच घेतोय."

आता कामं मागत दुकानांतून, मिलमधून तीच फिरते, आणि तिनं दुसरी फेरी मारू नये म्हणून लोक पहिल्या फेरीतच हो म्हणतात. आम्हालाही तिनं सोडलं नाही. पहिल्याच बैठकीत म्हणाली, "फारम लय भरता तुमी. लांबून आलेल्या मानसाले पानी कोनी इचारत नाही."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून माठ आणला. तिनं वाजवून पाहिला आणि सांगितलं, तडकलेला आहे.