रंगाखालचा अर्थ

आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माणसाला सगळी गल्ली ‘फ्यूज’ म्हणते. तोंडावर नाही. तोंडावर म्हणणाऱ्या दोघांचे पुढचे दात आता त्यांचे स्वतःचे राहिलेले नाहीत. हा गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. कुठल्याही खटाऱ्याचं बोनेट उघडून नुसतं हुंगलं तरी कुठली तार जळालीय ते सांगेल, असा हात. पण त्याच हाताची मूठ वळली की समोरच्यानं पायाला पाय लावून पळावं. मी ऐकीव सांगत नाही, मी पळालोय. एकदा त्याच्या मिशीला ब्रश म्हणालो होतो.

साडेचार वर्षांपूर्वी त्यानं धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला मारलं. जावईबापू कचेरीत कारकून, जीभ जरा सैल. चार माणसांत गमतीनं म्हणाले, आमच्या मेव्हण्याला एक वायर कमी आहे. एकच ठोसा. जबडा दोन ठिकाणी मोडला, सदरा रक्तानं भिजला आणि डॉक्टरांनी दीड महिना जबडा तारेनं बांधून ठेवला. शेवटी वायरिंगच निघालं की, असं मी म्हणालो, पण कुणी हसलं नाही. बहिणीला तेव्हा दिवस गेले होते. तिनं उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, यापुढे मी तुझ्या दारात येणार नाही आणि तू माझ्या येऊ नकोस. भाची झाली, चालायला लागली, पटापट बोलायला लागली. मामानं तिला पाहिलंही नाही.

यंदा जावईबापूंनी तीस वर्षं जुनी गाडी घेतली. मागचे दोन्ही दिवे फुटलेले, मूळचे कुठे मिळेनात, म्हणून दुसऱ्याच गाडीचे आणले. ते जोडायला दोन कारागिरांनी हात टेकले. मग एक दिवस बहिणीचा फोन आला. साडेचार वर्षांत पहिला, आणि तोही एवढाच: “गाडी पाठवतेय. हात फक्त गाडीला लाव.”

त्या दिवशी फ्यूजनं दाढी केली. दिव्यांसाठी दाढी करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो, म्हणून स्टूल घेऊन त्याच्या गॅरेजात जाऊन बसलो.

जुन्या दिव्यांची खोळ लोखंडी होती, त्यामुळे परतीचा करंट खोळीतूनच गाडीच्या पत्र्यात जायचा. नवे दिवे प्लॅस्टिकचे. त्यांना परतीची वेगळी काळी तार. तिला या धंद्यात ‘अर्थ’ म्हणतात. ही तार पत्र्यावर स्क्रूनं आवळायची, पण त्याआधी तिथला रंग कानशीनं खरवडायचा, पत्रा चकाकेपर्यंत. रंगातून करंट जात नाही. अर्थ नाही तर सगळं फुकट, हे फ्यूज प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा, आणि गिऱ्हाईक हसलं तर दुसऱ्यांदा दंड धरून ऐकवायचा.

गाडी नुकतीच रंगवलेली होती. गर्द हिरवी, बहिणीच्या पसंतीची. त्यानं कानस टेकवली आणि उचलली. पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली. मी विचारलं, काय रे, मुहूर्त बघतोयस का? त्यानं मला मारलं नाही. तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे मला कळायला हवं होतं. तार त्यानं तशीच रंगावर आवळली. स्क्रूच्या आट्यांनी भोकाच्या कडेला थोडा पत्रा धरला असावा, कारण दिवे लागले. मला पन्नास वेळा ब्रेक दाबायला लावून त्यानं ते लागलेले बघितले.

पंधरा दिवसांनी बहीण स्वतः त्या गाडीतून आली. म्हणजे येत होती. जावईबापू चालवत होते. गल्लीच्या तोंडाशी हातगाडी आडवी आली, त्यांनी ब्रेक मारला आणि मागून टेम्पो आदळला. आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला. मी पोचलो तेव्हा बहिणीच्या कपाळातून रक्त वाहत होतं आणि ते फ्यूजनं माझ्या आधी बघितलं होतं.

टेम्पोवाल्याला त्यानं खिडकीतून गचांडी धरून बाहेर ओढला आणि पत्र्यावर आपटला. नाक मोडल्याचा आवाज मी ऐकला. खाली पडला तर बरगडीत लाथ, उठला तर तोंडावर ठोसा, आणि प्रत्येक ठोशागणिक एकच प्रश्न: ब्रेकचा दिवा दिसत नाही का? मी कमरेला मिठी मारली. कोपर असं बसलं की मी गटाराच्या कडेला जाऊन बसलो. टेम्पोवाल्याची भुवई फाटली होती, डोळ्यात रक्त उतरलं होतं. थुंकत थुंकत तो म्हणाला, “लाल लागलाच नाही. पिवळं काहीतरी मिणमिणलं. मला वाटलं वळताय.”

मूठ हवेतच थांबली.

डावा दिवा चेचला होता, उजवा शाबूत होता. फ्यूजनं जावईबापूंना ब्रेक दाबायला सांगितला. त्यांनी एक हात जबड्यावर ठेवून दाबला. लाल दिवा बंदच. वळायचा पिवळा मात्र मरतुकडा पेटला. परतीची वाट न मिळालेला करंट असाच भलतीकडे घुसतो. धक्क्यांनी स्क्रू ढिला झाला होता. हे मला त्यानं नंतर समजावलं; तेव्हा कळणारा तिथं तो एकटाच होता. बल्ब उडाला म्हणाला असता तरी सगळ्यांनी मान डोलावली असती.

बहिणीनं कपाळावरचा रुमाल न काढता विचारलं, “दिवा लागला होता का, दादा?”

“नाही. मी अर्थच दिला नव्हता. तुझा रंग खरवडायला हात धजला नाही.”

“कसला अर्थ?” जावईबापू म्हणाले. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही.

फ्यूज टेम्पोवाल्याला म्हणाला, चल पोलिसांत, मी येतो. टेम्पोवाला भिंतीला धरून उठला. पोलीस काय मारणार, म्हणाला, मीच मारतो. फ्यूजनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

पहिला ठोसा ओठावर बसला, दुसरा गालफडावर. तिसऱ्याला डोळा मिटला आणि तो गुडघ्यावर आला. उठून पुन्हा उभा राहिला. मी ओरडणार होतो, पण तेवढ्यात बहिणीकडे लक्ष गेलं. ती भावाच्या तोंडाकडे बघतच नव्हती. त्याच्या पाठीमागे जाऊन हातांकडे बघत होती. मूठ एकदाही वळली नाही. पाचव्या ठोशाला टेम्पोवालाच दमून खाली बसला.

मग फ्यूजनं कानस आणली. एका डोळ्यानं बघत त्यानं हिरवा रंग करकरा खरवडला, ओठातलं रक्त पत्र्यावर ठिबकत होतं ते बाहीनं पुसलं आणि तार आवळली. उजवा दिवा लालभडक लागला. टेम्पोवाल्याला मागच्या सीटवर आडवा घालून गाडी दवाखान्याकडे निघाली, तेव्हा बहीण काच खाली करून म्हणाली, “सूज उतरली की घरी ये. अशा तोंडानं पोरगी घाबरेल.”

दुसऱ्या दिवसापासून हा रोज सकाळी माझ्या दारात. उतरली का? आरशावर त्याचा विश्वास नव्हता. दहाव्या दिवशी तोंड लख्ख होतं. मी गमतीनं म्हणालो, अजून दोन दिवस थांब. आणि तो मान खाली घालून खरंच परत गेला. मला चहा जाईना. तासाभरानं जाऊन, दोन हात लांब उभा राहून, खरं काय ते सांगितलं. पळायला पाय उचलले होतेच, पण त्याचं लक्ष कुठे होतं? तो धुतलेला शर्ट शोधत होता.