डेमो गाडीची पूजा

चिखल करण्यासाठी पाण्याचा टँकर बोलावणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. तेही ऐन उन्हाळ्यात, आमच्या वाशीम जिल्ह्यात, जिथे त्या दिवसांत हापशीवर हंड्यांची रांग लागलेली असते. कारंज्याकडच्या एका पडीक वावरात तो टँकर रिकामा केला गेला. माती चांगली भिजली, तेव्हा त्या चिखलात नव्याकोऱ्या गाड्या एकामागून एक घातल्या गेल्या. घालणारे सगळे मोठे बाप्ये होते. कोणी कंत्राटदार, कोणी औषधांचा ठोक व्यापारी, कोणी कापसाच्या जिनिंगवाल्याचा मुलगा. सगळ्यांच्या अंगात सारखे टी-शर्ट, पाठीवर वाघाचा पंजा. एकाची गाडी रुतली की बाकीचे टाळ्या वाजवत आणि पट्टा लावून तिला बाहेर ओढत. मग फोटो. संध्याकाळी ही सगळी मंडळी हायवेवरच्या वॉशिंग सेंटरवर गेली आणि तो चिखल धुऊन काढायला आणखी तेवढंच पाणी वापरलं.

या मंडळींचा म्होरक्या माझा मेहुणा, म्हणजे माझ्या बायकोचा मोठा भाऊ. त्यानेच मला आग्रहाने तिथे नेलं होतं, कारण माझ्याकडेही चारही चाकं ओढणारी जीप आहे. माझी जीप त्याने मित्रांना दाखवली. मागचं दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावून म्हणाला, "पाहा भाऊ, आमच्या भाऊजींची भाजीवाली फोर बाय फोर. आत मेथीचा वास फ्री."

सगळे हसले. वास खरोखरच येत होता. माझ्या आईच्या मेथीचा वास होता तो.

आमचं गाव मालेगावजवळचं. मोठा भाऊ आणि आई वावरात मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी असं काढतात, आणि आई ते मालेगावच्या आठवडी बाजारात स्वतः बसून विकते. मी शाळेत जायच्या आधीपासून ती तिथे बसते आहे. मी कॉलेजात शिकलो, आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, आता वाशीमच्या एका कॉलेजात शिकवतो, ते सगळं त्या बसण्यावर उभं आहे. हे मी उपकार म्हणून सांगत नाही, आमच्या घरात ते कोणी बोलूनही दाखवत नाही.

वावरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पांदण आहे, म्हणजे शेतातून जाणारी कच्ची गाडवाट. काळी माती. पावसाळ्यात तिथे पाय टाकला की चप्पल तिथेच राहते. ऑटोवाला पांदणीत येत नाही. भावाची मोटारसायकल पावसात घसरते, आणि टोपली घेऊन मागे बसलेल्या आईला घेऊन तो एकदा बांधावर आडवा झाला. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी मी पहाटे वाशीमहून निघतो, जीप वावरापर्यंत घालतो, आईला आणि टोपल्यांना मालेगावात सोडतो आणि तसाच कॉलेजात जातो. जीप मी त्यासाठीच घेतली होती, एका धरणाच्या कामावरून निघालेली, जुनी. मागे दोन्ही बाजूंना आडवी बाकं आहेत. मधल्या जागेत टोपल्या राहतात आणि आई त्यांच्याकडे तोंड करून बसते, रस्ताभर भाजीवर पाणी शिंपडत.

बाजारातली तिची जागा कोणाच्या नावावर नाही. जो बसतो त्याची जागा. चार बाजार कोणी दिसलं नाही की शेजारचा आपली ताडपत्री सरकवतो आणि मग ती जागा परत मिळत नाही. आईच्या सोबतीच्या कित्येक बाया अशाच उठल्या. एकीची सून बाळंत झाली, एक पडली, एकीच्या मुलाला लाज वाटली. आई अजून बसलेली आहे.

तर त्या टँकरच्या चिखलानंतर मेहुण्याने मनावर घेतलं की ही जीप देऊन मी नवी गाडी घ्यावी. त्याच्याकडे आहे तसलीच. जुनी द्या, वरचे हप्ते करा, शोरूमवाला आपलाच माणूस आहे. मी लगेच नाही म्हटलं नाही. जीप थकली होती हे खरं होतं. क्लच घसरत होता, चढावर काळा धूर सुटत होता, आणि मे महिन्यात पुढच्या सीटवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं होतं. माझ्या बायकोने इतकी वर्षं ते निमूट सोसलं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लग्नाला गेलं की सगळ्या बाया गाडीतून उतरतात, मी टेम्पोतून उतरल्यावानी उतरते. साडीला सांबाराच्या काड्या. मले हौस नाई का?"

तिची हौस खोटी नव्हती. मेहुण्याच्या हौसेबद्दल मात्र मी तसं म्हणू शकत नाही.

एका रविवारी मेहुणा शोरूमच्या सेल्समनला घेऊन थेट आमच्या गावी आला. पुढे त्याची गाडी, मागे ट्रायलसाठी आणलेली लालभडक नवी गाडी. मी आणि बायको आदल्या दिवशीच गावी गेलो होतो. गाडी दारात उभी राहिली तशी अर्धी गल्ली जमा झाली. सेल्समन शहरी मराठीत मला गाडीच्या खुब्या सांगू लागला. किती खोल पाण्यातून जाते, किती चढ चढते, काचेवर नकाशा कसा दिसतो. मी विद्यार्थ्यासारखा ऐकत होतो. आमचं लक्ष तिकडे असताना आई घरातून ताट घेऊन आली. हळद, कुंकू, लिंबं, नारळ. कोणी काही म्हणायच्या आत तिने बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि पुढच्या बंपरसमोरच्या दगडावर नारळ फोडला.

सेल्समन धावला. "आजी, आजी, ही डेमो गाडी आहे!"

"डेमो असो का फेमो," आई म्हणाली, "दारात आली ना? नवी आहे ना? मंग?"

आमच्याकडे हे असंच आहे. दारात नवी गाडी आली की आधी पूजा, मग बाकीचं बोलणं. आईने आयुष्यात ट्रायल हा प्रकार पाहिलेला नव्हता. कोणी गाडी नुसती दाखवायला आणतं आणि परत नेतं, हे तिच्या हिशेबात बसणारं नव्हतं. जमलेल्यांपैकी एकाने पेढे मागितले, दुसऱ्याने गाडीला फुगे का नाही म्हणून विचारलं. सेल्समन मात्र लवकर सावरला. त्याने आम्हा तिघांना गाडीपुढे उभं केलं, आईच्या हातात नारळाची कवड दिली आणि फोटो काढला. मेहुण्याचा हा 'आपला माणूस' अशा वेळी किती झटपट हुशार होतो ते मी तेव्हा पाहिलं. माणुसकीत एवढी चपळाई मला त्याच्यात पुढे कधी दिसली नाही.

मग आईने टोपली आणली. "दाखवा बरं, इच्यात भाजी कुठं ठेवाची?"

गाडीला दोनच दारं. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून फटीतून आत शिरायचं. आईने एक पाय आत टाकला, एका हाताने पट्टा धरला आणि अर्ध्यात अडकली. ना आत, ना बाहेर. बायकोने मागून आधार दिला. आई तिथूनच बोलली, "बाई व, कोंबड्याच्या खुराड्यात बी याच्याहून मोठं दार राह्यते."

लोक हसले. मेहुणा हसला नाही. तो म्हणाला, "मावशी, आता कायले बाजारात बसता? लेक प्रोफेसर झाला. लोक काय म्हणतात माहीत आहे का? आता घरी आरामात राहाचं."

आई बाहेर निघाली, पदर नीट केला. "मी बसतो तं पैसे घिऊन घरी येतो. तुमी गाड्या घिऊन चिखलात जाता, तं काय घिऊन येता?"

मी सेल्समनला म्हणालो की ट्रायल घ्यायचीच तर पांदणीतून वावरापर्यंत जाऊन येऊ. दोन दिवस पाऊस लागून होता, पांदण जेमतेम जीपने जाण्याजोगी होती. सेल्समनने पांदणीकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, डेमो गाडी रस्ता सोडून न्यायची परवानगी नाही."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "पण ही तर रस्ता नसलेल्या ठिकाणी जायची गाडी ना?"

"हो सर. पण डांबरीवरूनच ट्रायल."

"मग तुझी गाडी ने," मी मेहुण्याला म्हटलं. "तू तर दर रविवारी जातो."

"भाऊजी, परवाच कोटिंग केलं. या काळ्या मातीत खडे असतात, पेंट जातो."

एवढ्यावरच मी त्या दोघांना रस्ता दाखवायला हवा होता. पण मी भिडस्त माणूस. विचार करून सांगतो म्हणालो.

दुपारी ते गेले. वाटेत कुठेतरी त्या सेल्समनने ओल्या फडक्याने कुंकू पुसून काढलं असणार, कारण संध्याकाळी तीच गाडी मालेगावात एका डॉक्टरच्या दारात स्वच्छ उभी होती, असं भावाने पाहिलं. आईचा नारळ आणि तिचं स्वस्तिक यांची किंमत त्या माणसाच्या लेखी तेवढीच. मात्र आमचा फोटो त्याने पुसला नाही. शोरूमच्या पानावर तो "नवीन गाडीबद्दल हार्दिक अभिनंदन" असं लिहून टाकला, आणि मेहुण्याने तो सगळ्या नातेवाइकांत फिरवला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जो तो हात मिळवायला. ज्या सहकाऱ्यांनी इतकी वर्षं माझ्याशी वेळापत्रकापलीकडे शब्द बोलला नाही, ते पेढ्यांचं विचारू लागले. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये चहाला बोलावलं, खुर्ची दिली. म्हणाले, "बरं झालं सर, ती जीप गेटातून येताना बरं नव्हतं दिसत." मी माझा शोधनिबंध त्यांच्या टेबलावर ठेवला होता तेव्हा त्यांनी तो उघडूनही पाहिला नव्हता. मी गाडी घेतलेली नाही, असं मी प्रत्येकाला सांगितलं. ते कोणी ऐकून घेतलं नाही. विकत घेतलेल्या वस्तूपुढे वाकणारी माणसं तिच्या नुसत्या फोटोपुढेही वाकतात.

आईचा वेगळाच पेच होता. पूजा झालेली गाडी परत गेली, हे तिला अशुभ वाटत होतं. फोन करून विचारायची, "आपली गाडी कवा येऊन राह्यली?" बायकोही आशेने माझ्याकडे पाहायची. तीन बाजूंनी मी घेरला गेलो आणि एका क्षणी हो म्हणून टाकलं. मेहुण्याने लगेच दिवस ठरवला. शोरूमचा माणूस येऊन जुनी जीप घेऊन जाईल, नवी मिळेपर्यंत थोडे आठवडे थांबावं लागेल, एवढंच.

ठरवलेला दिवस नेमका बाजाराचा निघाला.

पहाटे मी आणि बायको जीप घेऊन वावरात पोचलो. आईच्या टोपल्या भरून बांधावर ठेवलेल्या, वर ओलं पोतं. मेहुणा आपली गाडी डांबरीवर ठेवून, शोरूमच्या माणसाला घेऊन पांदणीतून चालत आमच्या मागोमागच आला. आईने विचारलं, "गाडी आताच नेता? मंग माह्या बाजार?"

"एक बाजार बुडला तर काय होते मावशी?"

"आन् पुढचा?"

"थोडे आठवडे."

"आन् मंग त्या खुराड्यात टोपले घालू देसान?"

मेहुणा माझ्याकडे पाहून हसला, जसं काही आम्ही दोघं शहाणे आणि ती अडाणी. म्हणाला, "नव्या गाडीत भाजी? भाऊजी, तुम्हीच समजावून सांगा."

ते हसू मला टँकरच्या चिखलासारखं वाटलं. मी जीपचं मागचं दार उघडलं आणि पहिली टोपली आत ठेवली. शोरूमच्या माणसाला म्हटलं, गाडी द्यायची नाही. मेहुणा आवाज चढवून बोलू लागला. त्याची इज्जत गेली, शब्द गेला, लोक काय म्हणतील. मी दुसरी टोपली उचलायला वळलो तर ती बायकोने आधीच उचलली होती. तिचा चेहरा उतरलेला होता. ती भावाला म्हणाली, "दादा, तू आता घरी जाय." आणि मला, "क्लच या आठवड्यात बदला. पुढच्या सीटा बी. नाईतर मी बसत नाई या गाडीत, सांगून ठेवते."

आई मागे चढली. पूजेचं काय, असं मी तिला विचारलं. "ज्याच्या घरी जाईन त्याचं भलं होईन," ती म्हणाली आणि भाजीवर पाणी शिंपडू लागली. मेहुण्याची गाडी डांबरी रस्त्यावर तोंड फिरवून उभी होती. तिच्या बाजूने जाताना आमच्या चाकांचा थोडा चिखल तिच्यावर उडाला. मी वेग कमी केला नाही.

या सगळ्या बोलाचालीत आम्हाला उशीर झाला. मालेगावात पोचलो तेव्हा आईच्या जागेवर शेजारच्या कांदेवाल्याने आपली ताडपत्री सरकवलेली होती आणि कांदे ओतलेले होते.

"दिसली नाई म्हनून टाकले, मावशी."

"दिसली नाई म्हंजे? मी मेली का?" आईने पायाने ताडपत्रीचं टोक उलटवलं. "सरकव. हे सगळं सरकव."

तो कुरकुरत कांदे ओंजळीने गोळा करू लागला. आईने पोतं अंथरलं, जुड्या मांडल्या, तराजू काढला. बायको साडी सावरत तिच्या बाजूला उकिडवी बसून सांबाराच्या काड्या निवडू लागली. पहिलं गिऱ्हाईक वाकून मेथीचा भाव विचारत होतं. आईने मान वर न करता मला हाताने खूण केली की बाजूला हो, तुझी सावली भाजीवर पडते आणि लोकांना माल दिसत नाही.