कोरी होडी

निकेश कोळी तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथे तो कोणाच्या बापाला भीत नाही. चिठ्ठी नसेल तर मॅनेजरलासुद्धा साधा बोल्ट देणार नाही. पण वाशीच्या फोटो मंडळात शिरला की हाच वाघ शेळी व्हायचा. तिथे सगळे डॉक्टर, आर्किटेक्ट, बँकेचे साहेब. कुणी विचारलं, "राहता कुठे?" की हा म्हणायचा, "नेरुळ साइडला." त्यात खोटं काही नव्हतं. खाडीकाठचं गाव, बापाची होडी आणि आईची मासळीची पाटी एवढं मात्र तो दरवेळी गिळून टाकायचा.

मंडळाच्या प्रदर्शनासाठी निसर्गदृश्यं मागवली होती. "या रविवारी ओहोटीला आपल्या बंदराचा फोटो काढनार," असं निकेश जेवताना सहज बोलून गेला. बाप, रामचंद्र, समोरच जेवत होता. दुसऱ्या दिवशी तो ऑइलपेंटचे डबे घेऊन आला.

होडी रंगवायची ती नारळी पुनवेच्या तोंडावर, हा त्यांच्या गावचा रिवाज. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं, त्यांची होडी कोरी राहते. होडी बघूनच कळतं, या घरात दुःख आहे. भर फेब्रुवारीत ब्रश घेऊन बसलेला रामचंद्र पाहून बंदरावर हशा पिकला.

"काय रं, होरीचं लगीन काढलंस काय?"

"पोऱ्या फोटू काढनार हाय," म्हातारा मान वर न करता म्हणाला. कंबर भरून आली तरी चार दिवस खपून त्याने होडी पोपटी केली, वडिलांपासून चालत आलेला पिवळा पट्टा ओढला आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, दोन लाल फुलं काढली.

फोटो झकास आला. ओला चिखल, खारफुटी, मागे टॉवर, गावच्या पाच-सहा होड्या आणि मधोमध ती पोपटी. मंडळाचे जाणते अभिराम सर लॅपटॉपवर वाकून म्हणाले, "लाइट सुंदर आहे. पण हा हिरवा फार अंगावर येतो रे. गावठी वाटतं. ब्लॅक अँड व्हाइट कर, दर्जा येईल."

निकेशने दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. रंगीतच खरा होता, हे त्याला कळत होतं. पण 'गावठी' हा शब्द वर्मी लागला होता. त्याने बटण दाबलं आणि बापाचे चार दिवस एका क्षणात राखाडी झाले. खाली नाव दिलं, 'निःशब्द किनारा'.

घरी त्याने प्रदर्शनाचं सांगितलं नव्हतं. पण पत्रिका टेबलावर राहिली, आणि रामचंद्र इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून थेट हॉलमध्ये हजर. अंगठ्याच्या नखात पोपटी रंग अजून अडकलेला. म्हातारा फोटोला नाक लावून शोधू लागला.

"आपली होरी कंची रं?"

निकेशने हळूच बोट ठेवलं. रामचंद्रने आजूबाजूच्या होड्याही निरखल्या.

"सगल्याच कोऱ्या," तो म्हणाला. "अख्ख्या गावान मयत झायली काय रं?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. निकेशला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नेमके तेव्हाच पाहुण्यांना घेऊन अभिराम सर आले.

"निकेश, हे कोण?"

माझे वडील. दोनच शब्द. निकेशने तोंड उघडलं, आणि त्याची नजर त्या नखावर गेली.

रामचंद्रने पोराच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. मग सरांना हात जोडले. "मी कोन नाय, साहेब. उनाचा जरा आत शिरलो." आणि तो दार ढकलून निघून गेला. निकेश जागचा हलला नाही. त्या फोटोला दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस मिळालं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली.

पुढच्या रविवारी त्याने रंगीत फोटो मोठा करून, फ्रेम घालून आणला. माफी मागायची होती, पण त्याने नुसती फ्रेम पुढे केली. रामचंद्रने फ्रेम मांडीवर घेतली, पोपटी होडीवर अंगठा ठेवला. "हां. ही आपली."

मग फ्रेम काखेत मारून तो बंदरावर गेला. जाळी विणणाऱ्यांना, बर्फ फोडणाऱ्यांना, मासळी घ्यायला आलेल्या परक्या माणसांनासुद्धा थांबवून दाखवू लागला. निकेश पायरीवर उभा राहून ऐकत होता. म्हातारा प्रत्येकाला तेच सांगत होता, "हा माझा पोऱ्या. यानं काढलाय."