भिंगरीचं तिसरं सत्र

तिला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दातांच्या लॅबमध्ये तिचं टेबल खिडकीशी होतं, खुर्ची चांगली गादीची होती, पण काम चालायचं उभ्यानेच. एका हातात मेणाची कवळी, दुसऱ्या हातात तापवलेली सुरी आणि पाय सतत या फरशीवरून त्या फरशीवर. लॅबमधल्या बायकांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की दवाखान्यांतून फोन यायचे तेसुद्धा "जरा भिंगरीताईंना द्या" म्हणून.

बावीस वर्षं ती कवळ्या करत होती. दवाखान्यातून जबड्याचा ठसा यायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण आणि मेणात एकेक दात. ज्या म्हाताऱ्यांची तोंडं तिने कधी पाहिली नाहीत, त्यांचे जबडे तिला पाठ होते. तिचा नवराही त्याच लॅबमध्ये, तिच्या पाठीमागच्या टेबलावर. तो दातांवर बसवायच्या कॅप करायचा. पोर्सेलिनची पूड कालवायची, बारीक कुंचल्याने थरावर थर द्यायचे, भट्टीत भाजायचं, परत थर. त्याला सगळे कलाकार म्हणत. एकदा बसला की दोन-दोन तास हलत नसे. मालक म्हणायचे, "देवाने एकाच घरात खिळा आणि भिंगरी कशी काय दिली कोण जाणे."

लेक नोकरीसाठी परगावी गेली आणि भिंगरीला फिरायला घरात जागा जास्तच झाली. कपाटं आवरून झाली, आवरलेली कपाटं परत आवरून झाली. मग एक दिवस तिने ऑनलाइन एमबीएचा फॉर्म भरला. वय चव्वेचाळीस.

"गुडघे धरायला लागलेत तुझे," थोरली बहीण म्हणाली. "आता कसला अभ्यास?"

"अभ्यास डोक्याने करतात, ताई. माझा मेंदू अजून गुडघ्यात गेलेला नाही."

पहिली दोन सत्रं तिने चालता चालता काढली. कानात इयरफोन, पहाटे बिल्डिंगच्या जिन्यावर चार मजले वर, चार मजले खाली, आणि कानात मार्केटिंग. तिसऱ्या सत्रात व्यूहात्मक व्यवस्थापन आलं. नाव भलतंच जड होतं. पण शिकवणाऱ्या मॅडम साध्या बोलायच्या. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, "काय काय करायचं याची यादी म्हणजे धोरण नव्हे. काय सोडायचं ते ठरवता आलं, की धोरण सुरू झालं."

भिंगरी तिसऱ्या मजल्यावर थबकली. घशात काटा अडकावा तसं ते वाक्य अडकलं. त्या दिवशी तिने लॅबकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. कवळ्या, कॅप, वाकड्या दातांच्या तारा, रात्री दात खाणाऱ्यांसाठी पट्ट्या. येईल ते काम घेतलेलं. बावीस वर्षांत सोडलेलं असं काहीच नव्हतं.

सत्राचा मोठा स्वाध्यायही तोच होता. ओळखीची एक संस्था घ्या, सहा आठवडे अभ्यासा आणि तिने काय ठेवावं, काय सोडावं ते लिहा. तिने मालकांना विचारलं.

"लिही, लिही," मालक हसले. "आमचीही परीक्षा होऊन जाऊ दे."

मालकांच्या मनात तेव्हा एक यंत्र भरलं होतं. कॉम्प्युटरवर दाताचं चित्र काढायचं आणि यंत्राने ठोकळ्यातून कॅप कोरून द्यायची. पुढच्या महिनाअखेरीला कंपनीचा माणूस सही घ्यायला येणार होता. कोपऱ्यातली खोली रंगवून तयार होती. यंत्र कलाकाराच्या हाती द्यायचं ठरलं होतं. त्याने माहितीपुस्तिका घरी आणून उशाशी ठेवली होती.

भिंगरीने पंधरा दातांच्या डॉक्टरांची यादी केली. जेवणाच्या सुट्टीत प्लास्टरच्या खोलीत दार लावून ती एकेकाला फोन करायची आणि एकच प्रश्न विचारायची, "आमची लॅब उद्या बंद पडली तर तुमचं काय अडेल?"

अकरा जण म्हणाले, कवळ्या. एका डॉक्टरीणबाईंनी तर सांगितलं, "तुमची कवळी बसवली की म्हातारी माणसं परत तक्रार घेऊन येत नाहीत. कॅपचं काय, कुठेही मिळते. मोठ्या लॅबमधून दोन दिवसांत येते."

उत्तर समोर होतं. यंत्र घेऊ नये, कॅप बंद कराव्यात, सगळा जोर कवळ्यांवर लावावा. मॅडमनी शिकवलं होतं तसा तिने तक्ता आखला. एका बाजूला बलस्थानं, दुसऱ्या बाजूला कच्चे दुवे. कच्च्या दुव्यांत तिने लिहिलं: कॅप विभाग. लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. कॅप विभागात माणूस एकच होता.

तिने स्वाध्याय पाठवला आणि घरी अवाक्षर काढलं नाही.

तो आठवडा वाईट गेला. भाजीत दोनदा मीठ पडलं. लॅबला जाताना ती लांबच्या रस्त्याने जायची, म्हणजे नवऱ्याच्या बरोबरीने चालायला नको. टेबलाशी उभी राहिली की पाठीमागे भट्टीचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा आणि तिच्या हातातली सुरी मेणावर थांबायची.

"काय बिनसलंय?" कलाकाराने विचारलं.

"काही नाही. परीक्षेचं टेन्शन."

बसस्टॉपवर उभी असताना मार्क आले. वीसपैकी अकरा. खाली मॅडमची टीप होती: "विश्लेषण स्वच्छ आहे. पण जो विभाग तुम्ही बंद करायला निघालात, तो चालवणारा माणूस तुमच्या पंधरा जणांत कुठे आहे? त्याला विचारलंत का?"

बस आली आणि गेली. तिने हातही केला नाही.

घरी पोचल्या पोचल्या, चप्पल पायातच, तिने फोन नवऱ्यापुढे धरला. "हे वाचा. सगळं वाचा."

तो त्याच्या पद्धतीने, न हलता, शेवटपर्यंत वाचत राहिला. ती टेबलाभोवती फेऱ्या घालत राहिली.

"कच्चा दुवा म्हणजे मी?"

"तुम्ही नाही हो. विभाग."

"विभागात दुसरं कोण आहे? भट्टी?"

तिला हसूही येईना.

"पंधरा डॉक्टरांना फोन केलेस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "मी तुझ्या पाठीमागे बसतो. मान वळवून मला विचारायला काय दातखीळ बसली होती?"

"भीती वाटली."

"मी चिडेन म्हणून?"

"तुम्ही खरं बोलाल म्हणून. मग मला ते तुमच्या तोंडचं म्हणून लिहावं लागलं असतं."

त्याने फोन तिच्या हातात परत दिला. पुढचे तीन दिवस "डबा दे" आणि "दार लाव" यापलीकडे शब्द नाही. भिंगरीने पडदे धुतले, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून पुसल्या. लेकीचा फोन आला तर तिच्यावरच खेकसली.

रविवारी सकाळी तो आपण होऊन म्हणाला, "ये इकडे. दाखवतो."

कपाटाच्या तळातून त्याने एक जाड वही काढली. पानोपानी दात काढलेले होते, रंगीत पेन्सिलींनी, एकेक बोटभर मोठा. कुठे कडेला निळसर झाक, कुठे मुळाशी पिवळा, कुठे मधोमध केसाएवढी चीर.

"दाढेची कॅप कुठेही मिळते, खरं आहे. दाढेत कोण वाकून बघतंय? पण समोरचा एक दात तुटला आणि शेजारचा जिवंत आहे, तर त्याच्याशी जुळणारा दात मोठ्या लॅबला जमत नाही. तिकडून दोनदा परत येतो आणि मग माझ्याकडे येतो. हे बघ, हे सगळे तसे आलेले."

"मग डॉक्टरांनी मला का नाही सांगितलं?"

"ते त्याला कॅप म्हणतच नाहीत. 'कलाकाराला पाठवा' म्हणतात." त्याने वही मिटली. "आणि यंत्राची मला काय हौस होती? दाढा करून करून पाठ गेली माझी. म्हटलं, यंत्र आलं तर दाढा तरी सुटतील."

भिंगरी पलंगाच्या कडेवर टेकली. म्हणजे काय सोडायचं हे या माणसाला कधीपासून ठाऊक होतं, आणि ती जगभर विचारत फिरत होती.

सोमवारी तिने पुन्हा फोन केले. या वेळी प्रश्न नीट विचारला: दाढा वेगळ्या, पुढचे दात वेगळे. पुढच्या दातांसाठी बहुतेकांनी कलाकाराचंच नाव घेतलं. कंपनीचा माणूस यायच्या दोन दिवस आधी नवरा-बायको मालकांपुढे उभे राहिले. दाढांचं काम बाहेर द्या, पुढचे दात आणि कवळ्या इथे ठेवा, यंत्र नको, असं तिने सांगितलं.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग रंगवलेल्या खोलीकडे पाहिलं. "मी शब्द देऊन बसलोय गं. याच्या मदतीला म्हणून आमची सूनबाई त्याचा कोर्सही करून आली." कलाकाराकडे वळून म्हणाले, "तुझं काय म्हणणं?"

"यंत्र दिलंत तर चालवीन, साहेब. पण मग पुढचे दात कोण करणार, ते आत्ताच ठरवा."

मालकांनी सही केली ती केलीच. भिंगरी दिवसभर दातओठ खात होती. एवढं समजावून हा माणूस ऐकत नाही, मग शिकायचं कशाला? पण यंत्र आलं ते दाढांपुरतं, आणि सुनेच्या हाताखाली. कलाकार आपल्या कुंचल्याशी राहिला. भिंगरीने मालकांकडून एक गोष्ट मात्र भांडून घेतली: आठवड्यातला एक दिवस वृद्धाश्रमांत जायचं आणि कवळ्या माणसाच्या तोंडात बघून दुरुस्त करायच्या. दोन महिन्यांत एकाचे दोन दिवस झाले. यंत्र दुपारनंतर बहुतेक बंदच असायचं.

स्वाध्याय तिने पुन्हा लिहून पाठवला. सोळा मार्क मिळाले, पण या खेपेला टीप नव्हती. तिने दोन-तीनदा खाली सरकवून पाहिलं.

पुढच्या वर्षी शेवटचा निकाल लागला तेव्हा ती एका वृद्धाश्रमात निवृत्त हेडमास्तरांची कवळी घासत होती. फोन वाजला. तिने मेसेज वाचला आणि खिडकीपर्यंत जाऊन परत आली.

"काय झालं?" हेडमास्तरांनी बोळक्या तोंडाने विचारलं.

"पास झाले, सर."

"कितवी?"

"शाळेच्या हिशेबात सतरावी धरा."

"वा. म्हणजे आता निवांत."

"निवांत कसली," भिंगरी म्हणाली आणि कवळी पाण्याखाली धरली. "तोंड उघडा बरं. डावीकडे अजून टोचतंय का?"