नळीला ओठ हवा

बाबल गावडे गेल्याचं मला वाण्याच्या फोनवर कळलं. "मॅडम, मरोळहून फोन होता, तुमचा गॅरेजवाला गेला," असं वाणी म्हणाला, आणि मी त्याच्यावरच उखडले, "गेला कुठे? मला आज त्याला हॉस्पिटलात न्यायचंय!" मग वाण्याचा चेहरा पाहिला... अशा वेळी माणसं रडतात. मला इतका राग आला, की दुकानातल्या सगळ्या बरण्या माझ्याकडे बघून मागे सरकल्या. महिना होत आला, तो राग उतरत नाही. त्यात शोकसभेत कुणी तरी म्हणालं, "बाबल शांत, अजातशत्रू माणूस होता." शांत? अहो, बाबल पाना आपटून ओरडला की सहार विमानतळावर उतरणारं विमान घाबरून पुन्हा वर जायचं! मेलेल्या माणसाला इतकं खोटं नेसवू नये.

मी अंधेरीत शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. सुरुवातीला बाई स्टिअरिंगवर बघून हवालदार शिट्टी गिळत. मरोळचे रस्ते तेव्हा असे खणलेले, की संध्याकाळी व्हॅनमधून मुलं कमी आणि धूळ जास्त उतरायची. तीच धूळ इंजिनात जाऊ लागली. म्हणून एका मेकॅनिकने हवेचा फिल्टर उंचावर नेला आणि इंजिनापर्यंत नवा लोखंडी पाइप बनवून दिला. त्या पाइपला एक रबरी नळी जोडायची असते, इंजिनाच्या पोटातली वाफ तिच्यातून इंजिनात जाणाऱ्या हवेत परत मिसळते. पठ्ठ्याने काय करावं? पाइपला भोक पाडलं, नळी खुपसली, वरून लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, फासली. आठवड्यात व्हॅन मरोळ नाक्यावर खोकायला लागली, आणि मुलांनी व्हॅनसकट मला ढकलत बाबलच्या दारात नेऊन सोडलं.

बाबलने बॉनेट उघडलं आणि त्या मेकॅनिकच्या सात पिढ्यांना मालवणीत हाका मारल्या. "शिरा पडो मेल्याच्या तोंडार! गाडयेवरच भोक पाडल्यान! लोखंडाचो कीस इंजिनात गेलो तर?" मी म्हटलं, "बाबल, उद्या मुलांची परीक्षा आहे. पट्टी गुंडाळ, चालवून घेईन मी." झालं! त्याने पाना खाली ठेवला. "गो बाय, गाडी चालवतत. चालवून घेणत नाय!"

मग पाइप खाली उतरवला, भोक साफ केलं, त्यात पितळेच्या नळकांड्याचा तुकडा बसवून ज्योतीने झाळला. त्या तुकड्याच्या टोकाला बारीक उंचवटा होता. बाबल त्याला ओठ म्हणायचा. नळी ओठावरून सरकवायची आणि क्लिप ओठाच्या मागे आवळायची, म्हणजे कितीही हादरे बसोत, ती निसटत नाही. "ओठ नाय तर रबर ऱ्हवात कित्याक?" हे वर मलाच विचारायचा, जणू नळी मीच जन्माला घातली होती. शेवटी तपासणी. पाइपचं एक तोंड आणि हे नळकांडं चिंधीने बंद करायचं, दुसऱ्यातून विडीचा धूर फुंकायचा. जोडातून धुराची रेघ निघाली की पुन्हा झाळायचं. माझ्या पाइपला त्याने बंडलभर विड्या फुंकल्या असतील. गॅरेजमधल्या पाली तेव्हापासून विडी ओढतात असं मी सगळ्यांना सांगते.

तर असा हा माणूस. लोखंडाच्या नळीतून केसभर धूर गळला तर आकाशपाताळ एक करणारा. आणि स्वतःची छाती? वर्षभर खोकत होता. खोकला आला की भिंत धरायचा. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब दाखल व्हा. मी विचारलं तर लाजल्यासारखा हसला... "घेतंय चालवून." हेच शब्द, ह्याच तोंडाने! मी इतकी ओरडले की भोंगा समजून शेजारच्या कारखान्याची पाळी सुटली. हॉस्पिटलात खाट मिळवली, त्याच्या बायकोला तयार केलं, व्हॅन दारात आणून हॉर्न वाजवत बसले. बाहेर येईना. आत जाऊन बघते तर भाजीच्या टेम्पोचा पाइप शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळून बसलेला. "ह्यो पुरो करतंय, बाय. फाल्यां जावया." मी हात धरून ओढायला हवं होतं म्हणणारे म्हणोत. बाबलला ओढायला क्रेन लागली असती. तो फाल्यां, तो उद्या, वाण्याच्या फोनवर आला.

तेराव्यानंतर गॅरेजमध्ये गेले. टेम्पोवाला बिचारा दारात उभा. पाइपला भोक पाडलेलं, पुढचं काम तसंच. मी तो काखेत मारला आणि कुर्ल्याच्या एका वेल्डरकडे गेले. त्याने सरळ नळकांडं झाळून माझ्या हातात दिलं. टोक गुळगुळीत! मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. पण आसपासची चार दुकानं बंद झाली आणि मी ऐकला तो माझाच आवाज होता, "शिरा पडो तुझ्या तोंडार! ओठ खंय आसा हेका?"

वेल्डरने नळकांडं कापलं आणि नवं घेतलं. झाळता झाळता डोळ्यांवरची काच वर करून विचारलं, "ताई, तुम्ही सावंतवाडीकडच्या का?"

मी जळगावची. कोकण मी अजून पाहिलेलंसुद्धा नाही.