जंगलातली मुलगी, भाग दुसरा

दोरी ऋचाच्या आईनं स्वतःच्या हातानं बांधली. त्यांच्या हॉलच्या पडद्याची होती. सोनेरी, टोकाला गोंडा. माझ्या गळ्याभोवती वेढा दिला, गाठ मारली आणि दोन बोटं आत घालून बघितलं.

"घट्ट नाही ना गं?"

मी म्हटलं, "नाही आंटी."

मग दोरीचं दुसरं टोक तिनं ऋचाच्या हातात दिलं. मला म्हणाली, "आता गुडघ्यावर बस."

मी बसले.

सिल्वासाच्या मॉलमधलं थिएटर. शुक्रवारची संध्याकाळ. दुसऱ्या भागाचा पहिला दिवस. लॉबीत उभं राहायला जागा नव्हती. पोरंपोरी चंदेरी झगे घालून आलेली. कुणी टोकदार कान चिकटवलेले, कुणाच्या हातात जादूची काठी. ऋचानं आणि आमच्या वर्गातल्या आणखी दोघींनी टेलरकडून निळे झगे शिवून घेतले होते, सिनेमातल्या किल्ल्यातल्या मुलींसारखे. माझ्यासाठी ऋचाच्या आईनं गोणपाटाच्या रंगाचा एक फ्रॉक आणला होता आणि प्लास्टिकच्या पानांची माळ. गाडीत बाकीच्यांच्या तोंडाला ती चमकी लावत होती. माझ्याकडे बघून हसली. "तुला मेकअपची गरजच नाही."

मी गुडघ्यावर. फरशी गार. वर मोबाईलच मोबाईल. ऋचानं दोरीला हिसका दिला आणि सिनेमातल्यासारखा आवाज काढून ओरडली, "चल जंगली, महालात चल!" मी हात टेकून पुढे सरकले. लोक हसले. मी पण हसले.

एक माणूस म्हणाला, "ये लडकी तो एकदम असली लगती है."

ऋचाची आई मोबाईल धरून होती. शूटिंग न थांबवता म्हणाली, "असली ही है. वारली है, सुरंगी की."

आता लोक जास्त हसले.

माझं हसू तोंडावरच राहिलं. काढता येईना. ते शब्द कुणी शिवी म्हणून दिले नव्हते. दुकानदार कापडाचा पोत सांगतो तसे सांगितले होते.

मी सुरंगी गावची. वारलीच आहे. दहावीपर्यंत गावाकडे शिकले, मग सायन्सला सिल्वासात आले. हॉस्टेलवर राहते. बाबा खडोलीला धाग्याच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. ऋचा पुण्याची. तिचे पप्पा त्याच कंपनीत मॅनेजर. हे मला आधी माहीत नव्हतं, तिला पण नाही. वर्गात बाकावर शेजारी बसलो, एवढंच. मला इंग्रजीत उत्तर द्यायला वेळ लागायचा. सगळे वाट बघत हसायचे, ती हसायची नाही. डब्यातलं अर्धं माझ्यासमोर ठेवायची. वाईट मुलगी होती असं मी आजही म्हणणार नाही. म्हणून तर जास्त जड जातं.

पहिला भाग मी तिच्याच मोबाईलवर बघितला, मधल्या सुट्टीत, थोडा थोडा. हिंदीत डब केलेला. डोंगरावर किल्ला, त्यात जादू शिकणारी पोरं. खाली काळं जंगल. जंगलात राहणारे लोक, त्यांना नाव नाही. त्यांची एक मुलगी पकडून आणतात. ती बोलत नाही. सगळ्या सिनेमात एक शब्द नाही. किल्ल्याची राजकन्या तिला मायेच्या दोरीनं बांधते, चमकणाऱ्या. शेवटी ती दोरी तोडते आणि झाडांत पळून जाते. तिथं पहिला भाग संपतो.

वर्गातल्या सगळ्या मुली राजकन्येच्या प्रेमात. मला फक्त त्या मुलीचं पडलं होतं. पुढे काय झालं तिचं? घरी पोचली का? घरचे जिवंत होते का? वर्षभर मी हाच विचार करायचे. हॉस्टेलवर दिवा घालवला की डोळ्यांपुढे तिचं पळणं यायचं. दुसऱ्या भागात ती बोलणार, असं ट्रेलरमध्ये सांगितलं होतं. त्या एका वाक्यासाठी मी गेले होते. तिकीट आंटीनं काढलं होतं; दोरी बांधून घेतली ती पण त्याचसाठी.

आत अंधार झाला. मी ऋचाच्या शेजारी. दोरी गळ्यातच होती, गोंडा मांडीवर. काढावीशी वाटत होती, पण अंधारात गाठ सुटेना.

सिनेमा सुरू झाला. जंगल पेटलेलं. आकाश लाल. झाडं पडत होती आणि किल्ल्यावरची पोरं आगीचे गोळे फेकत होती. प्रत्येक गोळ्याला हॉलमध्ये शिट्या. आगीतून माणसं पळत होती. त्यांना चेहरे दिले नव्हते, नुसत्या काळ्या आकृत्या. माझ्या मागच्या रांगेत एक बाई मुलाला सांगत होती, "घाबरू नकोस, ते वाईट लोक आहेत." मला घाम फुटला. एसी चालू होता तरी. आमच्या डोंगरात वणवा लागतो तेव्हा आई मडकी घेऊन धावते ते आठवलं. ही माणसं कुठे धावणार?

मग ती आली. धुरातून, एकटी. किल्ल्याच्या दारात उभी राहिली. संगीत थांबलं. हॉल चिडीचूप. मी पुढे सरकून बसले.

ती गुडघ्यावर बसली. जमिनीवर पडलेली ती चमकणारी दोरी उचलली. स्वतःच्या गळ्यात घातली. टोक राजकन्येच्या हातात दिलं. आणि बोलली. पहिल्यांदा. म्हणाली, "मला ठेवून घ्या."

हॉलमध्ये टाळ्या. लोक उभे राहिले. ऋचा रडत होती, आनंदानं. तिनं माझा हात दाबला. "किती छान ना गं," ती म्हणाली.

हात तिच्या हातातून काढून घेतला. तिला कळलंही नाही.

इंटरव्हल झाला. लॉबीत दिवे. ऋचाची आई आधीच जागा धरून उभी होती.

"चला चला, लवकर. आता हाच सीन करू. सगळ्यात आधी आपला व्हिडिओ पडला पाहिजे." मग माझ्याकडे वळली. "आता तू स्वतः घालायची हं. आधी काढ, मग हळूच घाल. डोळ्यांत पाणी आलं तर फारच छान."

मी गाठ सोडायला लागले. उजेडात लगेच सुटली. दोरी हातात घेतली.

"बस ना खाली," ती म्हणाली.

मी उभी राहिले.

"अगं बस. वेळ नाहीये."

मी म्हटलं, "आंटी, ऋचाच्या गळ्यात घाला. मी ओढते."

तिला वाटलं मस्करी. हसली. मी हसले नाही.

"मजाच आहे ना? मग तिला बसवा खाली. मी धरते टोक."

ऋचाचा चेहरा पांढरा पडला. "असं काय करतेस?" ती पुटपुटली. आजूबाजूचे बघायला लागले. ज्यांचे मोबाईल मघाशी वर होते त्यांचे आता खाली गेले. मी दोरी ऋचाच्या आईपुढे धरली. तिनं घेतली नाही. मी सोडली. फरशीवर पडली.

ऋचाची आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती जवळ आली, माझ्या खांद्यावरची पानांची माळ नीट केली आणि माझ्या कानाशी बोलली. आवाज अगदी मऊ.

"तुझा बाबा खडोलीला आमच्याच कंपनीत आहे ना? जपून बोलावं, बाळा."

तिला माहीत होतं तर. कधीपासून, कुणास ठाऊक.

मी माळ काढून तिच्या हातात दिली आणि बाहेर पडले. उरलेला सिनेमा बघितला नाही. गोणपाटाच्या फ्रॉकमध्ये रस्त्यानं चालत हॉस्टेलवर आले.

सोमवारी बाबा नेहमीसारखा कामावर गेला. गेटवर ठेकेदारानं अडवलं. "कल से मत आना. ऊपर से बोला है." बाबानं विचारलं, काय चूक झाली? ठेकेदार म्हणाला, "लडकी से पूछ."

इकडे पहिला व्हिडिओ सगळीकडे फिरला. वर्गात, हॉस्टेलवर, गावात. आमच्या रेक्टरबाई कोकणातल्या, तशा मायेच्या. त्यांनी खोलीत बोलावलं, व्हिडिओ दाखवला. "अगो, तू तर हसतेयस यात. आता कोण ऐकणार तुझं? बारावीचं वर्ष आहे. विसरून जा." माझं हसणं त्यांना दिसत होतं. त्याच्या खालचं कुणाला दिसणार?

रविवारी बाबा मला घेऊन ऋचाच्या घरी गेला. निरोप आला होता, मुलीला घेऊन या. बाबानं चप्पल दाराबाहेर काढली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. आत सगळे चप्पल घालून होते.

ऋचाचे पप्पा चांगले बोलले. "बसा," म्हणाले. बाबा बसला नाही. ते म्हणाले, "हे बघा, घर आणि कंपनी यात मी गल्लत करत नाही. पण मुलीनं माझ्या मिसेसचा चारचौघांत अपमान केला. सॉरी म्हणाली की विषय संपला. गेटवर मी सांगतो."

हॉलच्या खिडकीला एका बाजूचा पडदा बांधलेला, दुसरा मोकळा लोंबत होता. ऋचा आतल्या दारात उभी. माझ्याकडे बघत नव्हती.

बाबानं हात जोडलेले. माझ्याकडे न बघता आमच्या बोलीत म्हणाला, बोलून टाक.

मी बाबाच्या हातांकडे बघत राहिले. मशीनच्या तेलानं नखं काळी. ते हात कुणापुढे जोडलेले मी कधी बघितले नव्हते.

मी म्हटलं, "अंकल, आधी व्हिडिओ काढा."

"सॉरी म्हण, मग काढतो."

"मी सॉरी म्हणणार नाही."

बाबाचे हात तसेच राहिले. खाली घ्यायचे की कसं, त्याला कळत नव्हतं. मी आंटीला नाही म्हटलं ते सोपं होतं. बाबाच्या जोडलेल्या हातांसमोर नाही म्हणणं, ते खरं अवघड होतं. त्याचं मला अजून दुखतं.

परत येताना बसमध्ये बाबा माझ्यापासून लांबच्या सीटवर बसला. तेव्हापासून बोलत नाही. पहाटे दादऱ्याच्या मजूर नाक्यावर जाऊन उभा राहतो. कधी काम मिळतं, कधी दुपारी परत येतो.

काल शनिवार. मी घरी आले. पाड्याच्या मागे मोहाच्या झाडाखाली पोरं खेळत होती. लांबूनच हसण्याचा आवाज आला. जवळ गेले. माझ्या काकाची मुलगी, सहा वर्षांची असेल, गुडघ्यावर बसलेली. गळ्यात वेल. तिची मोठी बहीण वेल ओढत होती आणि ओरडत होती, "चल जंगली, महालात चल!"

आणि लहानगी हसत होती. अगदी माझ्यासारखी.

मला बघून म्हणाली, "दीदी, बघ, मी तू झाले."

मी वेल काढली. गळ्यावर बारीक लाल रेघ उठली होती. ती म्हणाली, दुखत नाही. मोठी म्हणाली, आता माझा नंबर, आता मला बांध. दोघी भांडायला लागल्या, खाली कुणी बसायचं म्हणून.

मी तिथंच खाली बसले.

तोपर्यंत मला वाटत होतं, ही माझी आणि त्या बाईची गोष्ट आहे. मी नाही म्हटलं, संपलं. पण ते माझ्या गळ्यातून निघून इथवर आलं होतं. रस्ता पण विचारला नाही. आमच्याच झाडाखाली, आमच्याच पोरींच्या तोंडात. अजून थोडी वर्षं गेली की कुणाला बांधावं लागणार नाही. त्या स्वतःच म्हणतील, मला ठेवून घ्या.

संध्याकाळी आईला सांगितलं, मी पोलिसांत जाते. व्हिडिओचं सांगते, बाबाला गेटवर अडवलं ते पण सांगते. जात काढून हसण्यावर कायदा आहे, आम्हाला शाळेत शिकवलाय.

आई चुलीपुढे होती. तिनं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "आधी बापाला कुठं कायमचं काम लागू दे. मग जा."

मी म्हटलं, "लागलं की तू म्हणशील, आता लागलंय ते जाईल."

तिनं भाकरी उलटली. बाबा ओट्यावर बसून ऐकत होता. उठून अंधारात निघून गेला.

उद्या सोमवार. मी पहिल्या बसनं सिल्वासाला जाणार. हॉस्टेलवर नाही, सरळ पोलीस ठाण्यात. कोणी बरोबर येणार नाही. बारावी बुडेल कदाचित. बाबा कायमचा अबोला धरेल. कंपनीचं दार आमच्या सगळ्या पाड्याला बंद होईल, मग पाडा पण माझ्याशी बोलणार नाही. हे सगळं मला दिसतंय. भीती वाटत नाही असं नाही.

ते बसवून ठेवतील. बसेन. उद्या ये म्हणतील. परवा पण येईन. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे करून समजुतीनं म्हणेल, पोरी, मिटवून घे.

मी मिटवायला जात नाही. लिहून घ्या म्हणायला जाते.