साळवे मॅडम आणि आपोआप हिरवा झालेला लॉट

आदरणीय सुनंदा साळवे मॅडम यांची आणि माझी पहिली भेट झाली तीच माझ्या गोंधळाने. जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीत मी नुकताच रुजू झालो होतो. गुणवत्ता विभागाच्या प्रमुख म्हणून मॅडम एका बीजोत्पादक शेतकऱ्याला चहा पाजत होत्या, त्याच्या मुलीच्या बारावीची चौकशी करत होत्या. मला वाटले, याचे बियाणे पास झाले असणार. तो गेल्यावर कळले, नापास झाले होते! इतक्या मानाने नापास झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मॅडमची रीतच तशी. कुणाच्या बियाण्याचा लॉट, म्हणजे एकत्र तपासायची खेप, उगवण चाचणीत बसला नाही, तर आधी त्या माणसाला स्वतः सांगायचे आणि मगच संगणकावर ‘नामंजूर’चे लाल बटण दाबायचे. तोवर लॉट त्यांच्याकडे नुसता पडून राही. मॅडम गप्प आहेत म्हणजे नकार आहे, हे आमच्या गोदामातल्या हमालांनाही ठाऊक होते.

यंदा कामकाजाच्या सॉफ्टवेअरचे मोठे अपडेट आले. प्रशिक्षणाला मला बसवले, यावरूनच कंपनीचे काय चुकले ते ओळखावे. कागद कुणाकडून कुणाकडे जातो हे दाखवणारा कामाचा नकाशा रंगीत झाला, चौकोनांचे गोल झाले, एक कागद एकाच वेळी तिघांकडे जाऊ लागला. रजेवरच्या माणसाचे काम दुसऱ्याकडे आपोआप जाणार, हे शिकवणाऱ्याने मोठ्या कौतुकाने सांगितले. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा माझे सगळे काम मॅडमनी न सांगता ओढून घेतले होते. तेव्हा कुठले अपडेट होते, असे विचारावेसे वाटले. शेवटची सोय अशी की, मुदतीत उत्तर आले नाही तर मंजुरी आहे असे समजून काम पुढे सरकेल. मी ते वहीत उतरवून घेतले आणि मॅडमना वाचूनही दाखवले. आम्ही दोघांनीही माना डोलावल्या. गप्प राहणे म्हणजे होकार, ही कल्पनाच आमच्या डोक्यात शिरली नाही.

तीर्थपुरीच्या भानुदासरावांचा सोयाबीनचा लॉट नेमका तेव्हाच नापास झाला. ते लग्नाला परगावी गेले होते, फोन लागेना. मॅडम थांबल्या. मध्ये सुट्टी आली आणि मुदत उलटली. सुट्टीनंतर पाहतो तर संगणकावर लॉट हिरवागार, म्हणजे मंजूर, आणि बियाणे भरून ट्रक बीडच्या दिशेने निघालेला. ते बियाणे दुकानात पोचले असते, तर कित्येकांच्या रानात पेरून काहीच उगवले नसते.

मॅडमनी ड्रायव्हरला फोन करून शहागडला थांबवले आणि मला गाडीत घालून तिकडे निघाल्या. ड्रायव्हर ऐकेना.

“मॅडम, मोबाईलवर हिरवं आलंय. माल बिलकुल पास हाये.”

“हिरवं मशीननं केलंय, मी न्हाई. पेरलेलं उगवलं न्हाई तर मंग लोकायला मोबाईल दाखवणार का? जल्दी फिरवा गाडी.”

ट्रक जालन्याकडे वळला तेव्हा मला हायसे वाटले. मॅडमनी मात्र वडीगोद्रीहून गाडी तीर्थपुरीकडे घ्यायला लावली. का, ते मला कळेना. भानुदासरावांच्या दारात पाय ठेवला आणि कळले.

“या मॅडम! सकाळी मेसेज आल्ता, लॉट मंजूर. कालच गावाहून आलो अन् आज पेढे वाटून राह्यलो.” त्यांनी मॅडमच्या हातावर पेढा ठेवला.

मॅडम पेढा हातात धरून उभ्याच राहिल्या. “भानुदासराव, तो मेसेज चुकीचा हाये. तुमचं बियाणं उगवलं न्हाई. मी आधी सांगायला पाहिजे होतं.”

भानुदासराव ओट्यावर बसले. मला तिथून पळून जावेसे वाटत होते. मग ते म्हणाले, “मेसेज तर कुनी बी पाठवतं. तुम्ही एवढ्या उन्हात आल्या. खा तो पेढा, मॅडम.”

मॅडमनी खाल्ला. त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले, आणि माझेही काही वेगळे नव्हते.

पुढे ती आपोआप मंजुरीची सोय आमच्या विभागापुरती बंद झाली. ‘नव्या नकाशात कुठली पायरी वाढवायची?’ असे सॉफ्टवेअरवाल्यांनी विचारले. उन्हातून जाऊन पेढा खाऊन येणे कुठल्या गोलात बसवायचे, ते मला सांगता आले नाही. अजूनही येत नाही.

मॅडम आता साठ वर्षांच्या झाल्या, निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्या जागी संगणकात माझे नाव घातले गेले आहे. त्यांना उदंड आयुष्य मिळो, गुडघे ठणठणीत राहोत, घरी भरपूर विश्रांती मिळो. फक्त एक विनंती आहे, मॅडम. पहिला नापास लॉट सांगायला मी निघेन, तेव्हा गाडीत शेजारी बसाल का? तुम्ही काही बोलू नका. बोलेन मीच.